मुलांच्या चित्रांतील गाव

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी पाच-सहा वर्षांची धाकटी भावंडे आहेत, त्यांनी आज सायंकाळी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. त्या भावंडास कोरा कागद व पेन्सिल द्यावी आणि "एक चित्र काढ" एवढेच म्हणावे. मूल अद्याप शाळेत गेले नसेल, तर कागदावर काय उमटेल हे कोणासही सांगता यावयाचे नाही. परंतु ते दोन वर्षे शाळेत जात असेल, तर चित्र बहुधा पुढीलप्रमाणे असेल: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा उगवलेला सूर्य, आकाशात चाराच्या आकड्यासारखे पक्षी, डोंगरातून निघालेली नदी, आणि नदीकाठी एक झोपडी व एक नारळाचे झाड. हे चित्र सोलापूरचे मूल काढते, वेंगुर्ल्याचे मूल काढते, आणि ज्याच्या खिडकीतून समोरच्या चाळीच्या भिंतीखेरीज काहीच दिसत नाही ते गिरगावातील मूलही काढते. नाताळ जवळ आला की आमची चिमुकली मुले शुभेच्छापत्रांवर बर्फ काढू लागतात. बाहेर पटांगणावर मात्र लख्ख ऊन पडलेले असते.

या मुलांना दृष्टी नाही असे कोण म्हणेल? मुंगळ्यांची रांग कोणत्या फटीतून निघते आणि शेजाऱ्यांच्या मांजरीला किती पिल्ले झाली, हे घरातील वडील माणसांपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असते. परंतु कोणीतरी त्यांस असे शिकविलेले असते की, चित्र म्हणून जे काढावयाचे ते निराळे, आणि आपण रोज पाहतो ते निराळे. असे शिकविणारांत प्रस्तुत लेखकही एक होता, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

मी शिक्षकाचा व्यवसाय पत्करला त्यास आता पुष्कळ वर्षे झाली. पहिल्याच वर्षी माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. एके दिवशी 'माझे घर' हा विषय देऊन मुलांस चित्रे काढावयास सांगितले. एका मुलाने कागदाच्या कोपऱ्यात इवलेसे घर काढले आणि उरलेला सगळा कागद एका विहिरीने व्यापून टाकला. विहिरीचे तोंड वरून पाहावे तसे वाटोळे होते, परंतु तिच्या भिंती मात्र बाजूने चिरल्यासारख्या उघड्या होत्या. आत पायऱ्या, पायऱ्यांखाली पाणी, आणि पाण्याच्या तळाशी एक कासव. ते कासव घराहून मोठे होते. मी त्या मुलास समजावून सांगितले की, विहिरीच्या आतील वस्तू बाहेरून दिसत नाहीत आणि कासव काही घराएवढे नसते. एवढ्यावर न थांबता मी खोडरबराने ते कासव पुसून टाकले आणि फळ्यावर दोन डोंगर व उगवता सूर्य काढून दाखविला. पुढे वर्षभर तो मुलगा डोंगर काढीत राहिला व मी त्यास चांगले गुण देत राहिलो.

तो सातवीत असताना त्याची आई एकदा शाळेत आली होती, तिच्याकडून मला उलगडा झाला. विहिरीचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून त्याच्या आजोबांनी ते कासव विहिरीत सोडले होते. खेड्यांतून ही चाल पुष्कळ ठिकाणी आहे. आजोबा त्याला कडेवर घेऊन कठड्याशी उभे राहात आणि कासव वर येईपर्यंत दोघे वाट पाहात. ज्या वर्षी तो पहिलीत आला त्याच वर्षी आजोबा वारले. मी पुसले ते काय होते, हे त्या दिवशी मला कळले. माफी मागावयास मी त्या मुलाकडे गेलो, तेव्हा त्याला ते चित्र आठवतही नव्हते!

मुलांच्या अशा चित्रांकडे विद्वानांचे लक्ष प्रथम कसे गेले, त्याची हकीकत मनोरंजक आहे. इटली देशातील बोलोन्या हे शहर तेथील छत असलेल्या कमानदार पडव्यांसाठी प्रसिद्ध आहे. रस्त्यांच्या कडेने अशा पडव्या कित्येक मैल गेलेल्या आहेत. 1882-83 च्या हिवाळ्यात कोर्रादो रिच्ची नावाचा एक तरुण कलाभ्यासक पाऊस आला म्हणून अशाच एका पडवीत शिरला. पाऊस थांबेना, तेव्हा त्याने भिंतीवर मुलांनी कोळशाने व पेन्सिलीने केलेल्या रेघोट्या पाहावयास आरंभ केला. त्यास असे आढळले की, खालच्या बाजूची चित्रे अगदी लहान मुलांची आहेत, आणि जसजसे वर पाहात जावे तसतशी ती मोठ्या मुलांची होत जातात. कारण उघडच होते. ज्याचा हात जेथवर पोहोचला तेथे त्याने चित्र काढले. अशा रीतीने एका मळक्या भिंतीवर बाल्याची सगळी वर्षे एकावर एक रचलेली त्यास दिसली. त्यानंतर त्याने मुलांची शेकडो चित्रे जमविली आणि 1887 साली त्यांवर एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. मूल हे चित्रकाराप्रमाणे दृश्य रेखाटीत नसून, त्या वस्तूविषयी त्यास जे ठाऊक आहे ते सांगत असते, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. घोड्यावर बसलेल्या स्वाराचे दोन्ही पाय मूल एकाच बाजूस दाखविते. ते एरवी दिसत नाहीत हे त्यास कळत नाही असे नव्हे. परंतु स्वाराला दोन पाय आहेत ही गोष्ट सांगितल्यावाचून राहावी असे त्यास वाटत नाही.

पुढे फ्रान्समध्ये जॉर्ज-आन्री लुके नामक तत्त्ववेत्त्याने आपल्या मुलीची चित्रे वर्षानुवर्षे जपून ठेवून त्यांचा अभ्यास केला. त्याने 1927 साली लिहिलेल्या पुस्तकात या रीतीस 'बौद्धिक वास्तवता' असे नाव दिले. डोळ्यांना जी दिसते ती एक वास्तवता, आणि बुद्धीस जी ठाऊक आहे ती दुसरी. लहान मूल दुसरीस अधिक मान देते. म्हणून त्याच्या चित्रात घराच्या भिंतीतून आत बसलेली आई दिसते, आणि चौरंगाचे चारही पाय चार दिशांना पसरलेले असतात.

येथे एक गोष्ट सुचते. घर बांधणारे स्थापत्यविशारद नकाशे काढतात, त्यांत वरून पाहिलेला आराखडा असतो आणि बाजूने कापून दाखविलेला छेदही असतो. विहिरीचे वाटोळे तोंड आणि चिरलेल्या भिंती एकाच कागदावर काढणाऱ्या त्या सहा वर्षांच्या मुलाने काय निराळे केले होते? मी मात्र त्यास चूक म्हटले.

आता बोलोन्याहून थोडे पुढे जाऊ. तेथून एक प्राचीन रोमन राजमार्ग वायव्येकडे जातो. तो ख्रिस्तपूर्व 187 साली बांधला गेला, आणि त्या सबंध प्रांतास त्याच्यावरूनच एमिलिया हे नाव पडले. याच मार्गावर बोलोन्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरांवर रेज्जो एमिलिया हे मध्यम आकाराचे शहर आहे. लहान मुलांनी चित्रांच्या साह्याने आपल्या गावाचा शोध कसा घ्यावा, याविषयी गेल्या ऐंशी वर्षांत या शहराने जे केले आहे, त्याची जोड मला तरी अन्यत्र ठाऊक नाही.

दुसरे महायुद्ध युरोपात 1945 च्या वसंतात संपले. इटलीत 25 एप्रिल हा मुक्तिदिन मानला जातो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी रेज्जोमध्ये अशी वार्ता आली की, जवळच्या व्हिला चेल्ला नावाच्या खेड्यात लोक स्वतःच्या हातांनी लहान मुलांची शाळा बांधीत आहेत. लोरिस मालागुत्सी नावाचा पंचवीस वर्षांचा शिक्षक हे ऐकून सायकलीवर बसला आणि खरे काय ते पाहावयास तेथे गेला. वार्ता खरी होती. बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटा गोळा करून स्त्रिया त्या साफ करीत बसल्या होत्या. जागा एका शेतकऱ्याने दिली होती, वाळू नदीतून आणावयाची होती, आणि काम रात्री व रविवारी करावयाचे होते. पैशाची व्यवस्था कशी झाली, हे ऐकून मालागुत्सी थक्क झाला. पळून जाणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही मालमोटारी व काही घोडे गावकऱ्यांनी विकले होते! रणगाड्याची शाळा झाल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही. त्या शाळेस '25 एप्रिल' हेच नाव आहे.

शाळा बांधणाऱ्या या लोकांची अपेक्षा काय होती? ज्या पिढीने आज्ञा पाळता पाळता देशाचा सर्वनाश पाहिला, तिला आपली मुले केवळ आज्ञाधारक व्हावीत असे वाटत नव्हते. त्यांनी स्वतः पाहावे आणि विचार करावा असे वाटत होते. मालागुत्सी या कामात जो पडला तो 1994 साली मरेपर्यंत त्यातच राहिला. 1963 साली रेज्जोच्या नगरपालिकेने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आपली पहिली शाळा उघडली आणि पुढे अशा अनेक शाळा निघाल्या.

या शाळांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत वर्गांबरोबर एक चित्रशाळा असते, आणि तेथे कलेचे शिक्षण घेतलेली व्यक्ती मुलांसह काम करते. वेआ वेक्की या बाईंनी 'दियाना' नावाच्या अशा शाळेत 1970 पासून तीस वर्षे हे काम केले. चित्रशाळेत रंग असतात, तशी माती, तार, कागदाचे कपटे, बिया, पाने, काचेचे तुकडे, आरसे, आणि भिंतीवर सावल्या पाडावयाचा दिवा हीही सामग्री असते. येथे चित्र काढून झाले म्हणजे विषय संपला असे होत नाही. मुले एकच वस्तू पुन्हा पुन्हा काढतात. आधी आठवणीने काढतात, मग ती जाऊन पाहतात आणि पुन्हा काढतात, मातीत घडवितात, आणि आपापसांत वाद घालून आणखी एकदा काढतात.

रेज्जोमध्ये सान प्रोस्पेरो या नावाचे एक चर्च आहे. त्याच्यासमोरील चौकात तांबड्या संगमरवराचे सिंह शतकानुशतके बसलेले आहेत, आणि बाजाराच्या दिवशी त्यांच्याभोवती दुकाने मांडली जातात. शहरातील प्रत्येक मुलाने हे सिंह शेकडो वेळा पाहिलेले असतात. अर्थात ते कोणीच नीट पाहिलेले नसतात. एका शाळेच्या शिक्षकांनी मुलांस बाजाराच्या दिवशी तेथे नेले. मुलांनी सिंहाच्या जबड्यात हात घातले, पाठीवर बसून पाहिले, आयाळीच्या वळ्यांवरून बोटे फिरविली. कागद घेऊन समोरून, बाजूने सिंह रेखाटला. शाळेत परत आल्यावर तोच सिंह मातीत केला आणि रंगविला. या सगळ्याचे चित्रण करून 1980 च्या दशकात एक छोटा बोलपटही करण्यात आला. एका दगडी सिंहापायी इतका खटाटोप कशास, असे एखाद्या पालकास वाटेल. याचे उत्तर मातीत आहे. कागदावर सिंहाची मागची बाजू काढली नाही तरी चालते. मातीचा सिंह करावयास घेतला की त्याला मागची बाजू द्यावीच लागते, आणि चार पायांवर उभा केला की तो पडतो. मग प्रश्न निघतो की, चौकातला सिंह का पडत नाही? आणि तो पाहावयास पुन्हा चौकात जावे लागते. माध्यम बदलले की प्रश्न बदलतो, हे त्या शिक्षकांनी चांगले ओळखले होते. मुलांना शंभर भाषा असतात, असे मालागुत्सी म्हणत असे, ते याच अर्थाने.

पावसाचा प्रसंग याहूनही मौजेचा आहे. पाऊस पडू लागल्यावर शहराचे काय होते, हा विषय त्यांनी घेतला. आरंभी मुलांनी तर्क केले: पाऊस कोठून येतो, पडल्यावर कोठे जातो, गटारात शिरल्यावर त्याचे पुढे काय होते. प्रत्येकाने आपल्या तर्काची चित्रे काढली. त्यांत ढगांत पाणी पोहोचविणारी यंत्रे होती आणि जमिनीखालच्या नळ्यांची जाळी होती. शिक्षकांनी कोणाचेही चित्र खोडले नाही, आणि खरे उत्तरही सांगून टाकले नाही. सर्वांनी मिळून पावसाची वाट पाहिली. पाऊस आला तेव्हा मुले बाहेर पडली, त्यांनी छत्र्यांवरचे, पत्र्यांवरचे निरनिराळे आवाज ऐकले, लोक कसे धावतात ते पाहिले, आणि परत येऊन आपली जुनी चित्रे समोर ठेवून नवी काढली. आपल्याकडे पावसाची वाट पाहणे ही काही नवलाची गोष्ट नाही. पण 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध आपण मुलांकडून बहुधा परीक्षेच्या आधी पाठ करवून घेतो!

मुले काम करीत असता ती काय बोलतात हे तेथील शिक्षक लिहून घेतात. ती वाक्ये, छायाचित्रे व मुलांची चित्रे एकत्र करून शाळेच्या भिंतींवर लावली जातात. घरी नेण्यासाठी आलेला बाप दारातच थांबून आपल्या मुलीने पावसाविषयी काय तर्क केला हे वाचतो, आणि सायकलीवरून घरी जाताना तिला त्याविषयी विचारतो. मला या संस्थेचे मर्म येथे आहे असे वाटते. चित्र भिंतीवर जाते ते सजावटीसाठी जात नाही. त्याच्याजवळ मुलाचे शब्द असतात, म्हणून पाहणारास काहीतरी विचारावेसे वाटते, आणि विचारले गेले म्हणजे मूल पुन्हा पाहावयास निघते.

1981 साली या चित्रांचे एक प्रदर्शन भरविण्यात आले. त्याला पुढे 'मुलांच्या शंभर भाषा' असे नाव मिळाले आणि ते देशोदेशी फिरले. परंतु मला अधिक आवडते ते 2000 साली निघालेले 'रेज्जो तुत्ता' हे पुस्तक, म्हणजे मुलांनी केलेली आपल्या शहराची मार्गदर्शिका. परक्या गावाहून येणाऱ्या पाहुण्यांना आपले शहर समजावून सांगावयाचे, असा हा उद्योग होता. ज्याने आपले गाव कधी पाहिले नाही त्यास ते सांगावयाचे म्हटले म्हणजे, रोजच्या गोष्टी पुन्हा एकदा पाहाव्या लागतात. आपल्याला सवयीने न दिसणारी वस्तू परक्याच्या डोळ्यांसाठी शोधावी लागते.

मालागुत्सीच्या पूर्वीच ही युक्ती फ्रान्समधील एका गरीब खेड्यातील शिक्षकाने ओळखली होती. त्याचे नाव सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसास गोळी लागली होती, त्यामुळे त्याला वर्गात फार वेळ बोलता येत नसे. 1920 साली तो दक्षिणेकडील बार-स्युर-लू या डोंगराळ गावी शिक्षक झाला. बोलता येत नाही, तेव्हा तो मुलांस घेऊन फिरावयास जाई; सुताराचे काम, ओढा, शेते पाहून यावयाचे आणि पाहिलेले मुलांनीच लिहावयाचे. 1924 साली त्याने एक लहानसे छापयंत्र विकत घेतले. मुले स्वतः खिळे जुळवून आपला मजकूर छापू लागली आणि चित्रेही कोरून छापू लागली. मग हे छापील कागद ब्रिटनी प्रांतातील समुद्रकाठच्या एका शाळेस टपालाने जाऊ लागले, आणि तिकडचे इकडे येऊ लागले. डोंगरातल्या मुलांना समुद्रकाठचे जीवन ठाऊक नव्हते व समुद्रकाठच्या मुलांना डोंगरातले. शिक्षकाला कमी बोलावे लागले आणि मुलांना एकमेकांस पुष्कळ सांगावे लागले. शुद्धलेखनाकडे त्यांचे लक्ष आपोआप गेले, कारण पलीकडच्या मुलाला वाचता आले पाहिजे.

आपल्याकडेही या दिशेने प्रयत्न झालेले आहेत, आणि तेही त्याच 1945 साली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी त्या वर्षी डहाणूजवळ समुद्रकाठच्या बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. विलायती धर्तीची महागडी साधने खेड्यात आणावयाची कोठून? म्हणून त्यांनी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे ही भोवतालचीच साधने हाती घेतली. मुले अंगणापर्यंत येत नसतील, तर अंगणच मुलांपर्यंत न्यावे, हा विचार त्यांचा, आणि अंगणवाडी हा शब्दही ताराबाईंचाच. कोसबाडच्या आसपास वारली लोकांची वस्ती आहे. त्यांच्या घरांच्या भिंतींवर गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेली शेते, झाडे, तारपा वाजविणारा व त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे असतात; म्हणजे त्या मुलांनी डोळे उघडले तेच चित्रांत काढलेल्या आपल्या गावात. दोन डोंगर व उगवता सूर्य ही त्यांस शाळेने दिलेली भेट असली पाहिजे.

आता आजच्या काळाकडे वळू. फ्रेनेच्या मुलांना छापयंत्र, शाई आणि टपाल लागत होते. आपल्या हाती मोबाइल आहे. मुलाने चित्र काढले की आई त्याचे छायाचित्र घेते आणि क्षणार्धात ते शंभर आप्तांच्या समूहात जाते. पाच मिनिटांत चाळीस अंगठे आणि वीस फुले येतात. यात वाईट काय, असे पालक विचारतील. वाईट असे नाही, पण त्या चाळिसांपैकी एकानेही काही विचारलेले नसते. दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा चित्र काढते ते अंगठ्यांसाठी, आणि अंगठे कशाने मिळतात हे मुलांना फार लवकर कळते. दोन डोंगरांस ते हमखास मिळतात. मी खोडरबराने जे केले, ते चाळीस माणसे कौतुकाने करू शकतात.

याखेरीज एक व्यावहारिक सावधगिरी आहे, ती सांगितली पाहिजे. लहान मुले आपल्या घराचे व गल्लीचे चित्र काढतात तेव्हा ती फार प्रामाणिकपणे काढतात. देवळाशेजारचे निळे दार, दारावरचा क्रमांक, शाळेत जाण्याची वाट, सर्व त्यांत येते. असे चित्र मुलाच्या नावानिशी, गणवेशातील छायाचित्रासह अनोळखी जगापुढे मांडणे म्हणजे घराचा पत्ताच मांडणे होय. 2023 साली आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जो कायदा झाला, त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. परंतु पालकच जेथे माहिती वाटीत सुटले, तेथे कायदा काय करणार? ओळखीच्या एका घरी चित्र पाठविणे निराळे, आणि चव्हाट्यावर ठेवणे निराळे.

तेव्हा मोठ्या विद्यार्थ्यांनी घरी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. मुलाने चित्र आणून दाखविले की "हे काय आहे?" असे विचारू नये, आपल्याला ओळखता आले नाही हे त्यास कळते आणि ते खट्टू होते. "याविषयी मला सांग," असे म्हणावे. ते जे सांगेल ते चित्राच्या पाठीमागे, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावे. पुढील बाजूस आपण एक रेघही ओढू नये. काही मोठे काढले असेल तर ते इतके मोठे का, हे विचारावे, व उत्तर येईपर्यंत थांबावे. मी हा प्रश्न त्या कासवाविषयी विचारला असता तर?

शेवटी गेल्या दिवाळीच्या सुटीतील एक हकीकत सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीची नात वेंगुर्ल्यास असते. तिचे वय सहा. तिचा मामेभाऊ सोलापुरास असतो, तो साडेसात वर्षांचा आहे. त्याने समुद्र पाहिलेला नाही. मी बहिणीस सुचविले की, या दोघांची चित्रे एकमेकांसच पाठवावीत, दुसऱ्या कोणास नको, आणि चित्राबरोबर एक प्रश्न अवश्य पाठवावा. नातीने प्रथम होडी काढली. किनाऱ्यावरच्या होडीला एका अंगास दांड्यांनी बांधलेले लाकूड असते, त्यास उलांडी म्हणतात. तिने ती काढली होती, पण दोन रेघा ओढून कशीतरी. सोलापूरहून उत्तर आले: "होडी छान आहे. पण तिच्या शेजारी ही मोडकी होडी कशाला बांधली आहे?"

नात प्रथम खूप हसली, मग रागावली, आणि मग आजोबांना ओढीत किनाऱ्यावर घेऊन गेली. तेथे तिने उलांडी कोठे बांधली आहे, किती दोऱ्यांनी बांधली आहे, हे मोजले. एका तांडेलाला विचारले की ही काढून टाकली तर काय होईल. त्याने हाताचा पंजा पाण्यात आडवा करून होडी कशी कलंडते ते दाखविले. दुसऱ्या चित्रात होडी लहान झाली व उलांडी मोठी. दोऱ्यांच्या गाठी एकेक करून काढलेल्या, आणि कडेला कलंडलेली दुसरी होडी, तिच्यातून पडणारी माणसे व पाण्याखाली त्यांची वाट पाहणारे मासे. मासे पाण्याखाली असूनही स्पष्ट दिसत होते. त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

सोलापूरच्या भावाने परतफेड म्हणून मागाचे चित्र पाठविले आहे. शेजारच्या घरी चादरींचा माग दिवसभर चालतो. त्याने सगळ्या कागदावर आडव्या-उभ्या रेघा काढून मधोमध एक काळा ठिपका दिला आहे, आणि तो धोटा असल्याचे सांगितले आहे. नातीने विचारले आहे, "धोटा इकडून तिकडे जातो, मग परत कोण आणतो?" हा लेख मी छपाईस देत आहे तोवर उत्तर आलेले नाही. तो रोज शाळा सुटल्यावर शेजारच्या मागासमोर जाऊन उभा राहतो, एवढे त्याच्या आईने कळविले आहे.